उन्हापासून त्वचा कशी जपावी?

लग्नसराई जवळ आली की आमच्या वर्गातल्या मुलींच्या दप्तरात ‘गोरे करणाऱ्या’ क्रीमच्या ट्यूब दिसू लागतात. घरच्यांनीच आणून दिलेल्या असतात. ऊन लागून चेहरा काळवंडतो, याची आपल्याला फार काळजी. पण ऊन आत काय करते, हे आपण पाहत नाही.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतले ‘यूव्हीबी’ त्वचा भाजतात. ‘यूव्हीए’ त्याहून खोल जाऊन त्वचा घट्ट ठेवणारे कोलॅजन तोडतात, म्हणून अकाली सुरकुत्या आणि डाग पडतात. हे किरण काचेतूनही येतात. अमेरिकेत २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका माणसाच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतली होती. त्याचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

वेळ : सकाळी १० ते दुपारी ४ शक्यतो सावलीत राहा. आपली सावली उंचीपेक्षा आखूड दिसली की ऊन कडक समजा. ढगाळ दिवशीही किरण पोचतातच.

कपडा : घट्ट विणीचा, गडद कपडा हा सर्वांत स्वस्त बचाव. बुरख्यातही डोळ्यांभोवतीची जागा आणि हातांचे पंजे उघडे राहतात. नमाजची टोपी डोके झाकते. कान, मान, चेहऱ्यावर तिची सावली पडत नाही. उन्हात काम असेल तर रुमाल किंवा छत्री घ्या.

सनस्क्रीन : एसपीएफ ३० किंवा जास्त आणि ‘पीए+++’ लिहिलेले घ्या. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, पीए यूव्हीएचा. चेहरा आणि मानेला दोन बोटे भरून लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावलीतच ठेवा.

गोरेपणाची क्रीम : ती सनस्क्रीन नव्हे. काहींत स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते, लाल पडते, ऊन सोसत नाही. २०१८ पासून अशा अनेक स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. काहींत पारा निघतो, तो मूत्रपिंडे बिघडवतो. घरात अशी ट्यूब असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना नेऊन दाखवा.

नेहमी अंग झाकलेल्या बायकांना ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडू शकते. त्यासाठी त्वचा भाजून घेऊ नका. डॉक्टरांना विचारून तपासणी करा.

मुलीच्या रंगाची चिंता सोडा, अम्मींनो. तिला छत्री घेऊन द्या.