थर : अंथरुणापासून खाडीच्या गाळापर्यंत

दहीहंडीला टेंभी नाक्यावर थर लागतात ते वर चढत जातात. ठाणे खाडीच्या गाळातले थर खाली उतरत जातात. शब्द एकच. मुळात मात्र त्यात उंची नव्हती आणि खोलीही नव्हती.

संस्कृत ‘स्तृ’ म्हणजे पसरणे, अंथरणे. त्यावरून ‘स्तर’, आणि प्राकृतात आरंभीच्या ‘स्त’चा ‘थ’ होऊन ‘थर’. स्तनाचे ‘थान’ आणि स्तोकाचे ‘थोडे’ याच वाटेने झालेले दिसते. ‘थारा’ कानाला जवळचा वाटतो, पण तो ‘स्था’च्या घरचा असावा, ‘थरथर’ तर निव्वळ नादातून आलेली.

‘स्तृ’चे खरे गोत आपल्या घरात रोज उलगडले जाते. ‘आस्तरण’ हेच आपले अंथरूण असावे, बोलीतले हातरूण त्याचेच भावंड. विवाहात वराला बसायला देतात तो दर्भाचा ‘विष्टर’ही याच धातूचा. ‘प्रस्तर’ म्हणजे आधी यज्ञात पसरलेले गवत, मग सपाट खडक, शेवटी कुठलाही दगड. त्यातून पाथर आणि पाथरवट. डोंबिवलीचे पाथर्ली हे नावही याच कुळातले असावे. फारसीतून आलेला ‘बिस्तरा’ आपल्या ‘विस्तरा’चा चुलतभाऊ दिसतो आणि कपड्याचे ‘अस्तर’ हे ‘आस्तरणा’चे. लॅटिनमध्ये याच मुळापासून ‘स्ट्राटुम’ झाले. त्याच्याच ‘फरसबंद वाट’ या अर्थापासून इंग्रजी ‘स्ट्रीट’.

मग अंथरण्याला उंची-खोली कशी आली? एक अंथरूण म्हणजे नुसता पसारा. त्यावर दुसरे पडले की दोघांचे मिळून थर. खाडीत हेच घडते. भरतीचे पाणी गाळ आणते, संथ झाले की तो पातळ पसरून बसतो, पुढच्या भरतीला त्यावर आणखी. ज्या खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याची २०१५मध्ये घोषणा झाली आणि जे २०२२मध्ये रामसर यादीत गेले, तिथला चिखल असाच अंथरला गेला आहे.

त्या चिखलात सूक्ष्मजीवांचेही थर आहेत. अगदी वर, काही मिलिमीटरपुरता, प्राणवायू पोचतो. तिथे सूर्यप्रकाशावर जगणारी शैवाले आणि प्राणवायू घेणारे जिवाणू. प्राणवायू संपला की नायट्रेट वापरणारे, मग मँगनीज आणि लोह वापरणारे, त्याखाली सल्फेट वापरणारे. ओहोटीला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास या शेवटच्यांच्या हायड्रोजन सल्फाइडचा, आणि चिखलाचा काळा रंग त्याच सल्फाइडशी लोहाचा संयोग झाल्याचा. आणखी खाली मिथेन करणारे. जास्त ऊर्जा देणारे द्रव्य आधी संपते, म्हणून हा क्रम. खेकड्याच्या बिळातून पाणी आणि प्राणवायू खाली शिरतात, तिथे काळ्या चिखलात तपकिरी कडे उमटते. म्हणजे थर आडवाच राहतो असेही नाही.

अरबी समुद्रात हीच मांडणी मीटरांत मोजावी लागते. सुमारे २०० मीटरांपर्यंत उजेडाचा पट्टा. त्याच्या तळाजवळून साधारण १००० मीटरांपर्यंत प्राणवायू अत्यंत कमी असलेले पाणी, जिथे नायट्रेटवर जगणारे जिवाणू ठळकपणे आढळतात. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या पट्ट्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. चिखलात बोटाच्या पेराएवढ्या अंतरात जे उरकते त्याला समुद्रात शेकडो मीटर लागतात.

पाठ्यपुस्तके इथे ‘स्तर’ लिहितात. मला ‘थर’ बरा वाटतो. तत्सम ‘स्तर’ आता ‘जीवनस्तर’, ‘उच्चस्तरीय’ असा मानाच्या पायऱ्या चढून बसला आहे. ‘समाजाच्या खालच्या थरातले’ म्हणताना किंवा ‘कोणत्या थराला गेला’ असा राग काढताना थरालाही तो गुण लागलेला दिसतो. पण गाळात खालचा थर हलका नसतो. सल्फेटवाल्यांनी सोडलेले सल्फाइड वर झिरपते आणि प्राणवायूच्या सीमेवरचे गंधक-जिवाणू त्यावरच जगतात; वरून झिरपणारे सेंद्रिय द्रव्य खालच्यांचे अन्न होते. मूळ धातूत श्रेष्ठ-कनिष्ठ नाही, केवळ पसरणे आहे. या जिवांसाठी मला तोच अर्थ हवा आहे.