ब्रॅडलॉ शपथप्रकरण

इंग्लंडच्या कॉमन्स सभेवर निवडून आलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवादी सदस्याला शपथेच्या प्रश्नावरून जागा नाकारण्यात आली. त्यातून उद्‌भवलेला राजकीय, धार्मिक व न्यायालयीन संघर्ष (१८८०–८६) या नावाने ओळखला जातो. ख्रिस्ती समाजातील अश्रद्ध नागरिकाचे राजकीय हक्क कायद्याने मान्य होण्याच्या इतिहासात हे प्रकरण निर्णायक ठरले. त्याची परिणती १८८८ च्या शपथ अधिनियमात झाली.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अश्रद्ध व्यक्तीला दोन बाजूंनी कायद्याचा जाच होता. पहिली बाजू धर्मनिंदेच्या गुन्ह्याची. टॉमस पेनचे एज ऑफ रीझन छापल्याबद्दल रिचर्ड कार्लाइलने १८१९ पासून सुमारे सहा वर्षे डॉर्चेस्टरच्या तुरुंगात काढली. ‘इहवाद’ ही संज्ञा १८५१ मध्ये रूढ करणारा जॉर्ज जेकब होल्योक १८४२ मध्ये चेल्टनम येथील एका सभेत दिलेल्या उत्तराबद्दल सहा महिने कैदेत होता. १८५७ मध्ये कॉर्नवॉलमधील टॉमस पूली या विहीर खोदणाऱ्या मजुराला फाटकावर ख्रिस्ती धर्माविरुद्ध मजकूर लिहिल्याबद्दल एकवीस महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ती माफ करण्यात आली.

दुसरी बाजू साक्षीची. ईश्वर व मरणोत्तर शिक्षा यांवर विश्वास नसलेल्याची शपथ न्यायालयात ग्राह्य धरली जात नसे. त्यामुळे अशा माणसाच्या घरी चोरी झाली, तरी त्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. जॉन स्ट्यूअर्ट मिलने ऑन लिबर्टी (१८५९) या ग्रंथात या नियमातील विसंगती दाखवली : जो नास्तिक खोटे बोलायला तयार असतो त्याची साक्ष हा नियम स्वीकारतो आणि जो आपली अश्रद्धा प्रामाणिकपणे सांगतो त्याची नाकारतो. ब्रॅडलॉ स्वतः पक्षकार असलेल्या एका दाव्यात त्याची साक्ष याच कारणाने नाकारली गेली. पुढे १८६९ व १८७० च्या पुरावा सुधारणा अधिनियमांनी न्यायालयात शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा दिली. संसदेला ती लागू होते की नाही, हा प्रश्न मात्र मोकळाच राहिला.

संसदेच्या शपथेतून सवलत मिळवण्याचा लढा यापूर्वी इतरांनीही दिला होता. कॅथलिकांना १८२९ मध्ये प्रवेश मिळाला. क्वेकर पंथाचा जोसेफ पीझ १८३३ मध्ये प्रतिज्ञा करून सभागृहात बसला. ज्यू धर्मीय लायोनेल द रॉथशील्ड १८४७ मध्ये निवडून आला, पण त्याला प्रत्यक्ष जागा मिळायला १८५८ उजाडले. हे सर्व ईश्वर मानणारे होते. ईश्वरच न मानणाऱ्याचा प्रश्न ब्रॅडलॉने प्रथम उभा केला.

चार्ल्स ब्रॅडलॉ : जन्म लंडनच्या हॉक्स्टन भागात, २६ सप्टेंबर १८३३ रोजी, वडील वकिलाच्या कचेरीत कारकून. चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवत असताना त्याने चर्चच्या एकोणचाळीस कलमांची शुभवर्तमानांशी तुलना केली. त्यातील विसंगतींचा खुलासा त्याने धर्मगुरूंकडे मागितला तेव्हा त्यांनी त्याला नास्तिक ठरवून शाळेतून दूर केले. वयाच्या सोळाव्या वर्षी घर सुटले. कार्लाइलच्या पश्चात त्याच्या कुटुंबाने त्याला आसरा दिला. काही काळ सैन्यात व नंतर वकिलाच्या कचेरीत नोकरी. ‘आयकॉनोक्लास्ट’ (मूर्तिभंजक) या टोपणनावाने व्याख्याने व लेखन. नॅशनल रिफॉर्मर या नियतकालिकाचे संपादन (१८६० पासून) व नॅशनल सेक्युलर सोसायटीची स्थापना (१८६६). १८६८ मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून प्रथम निवडणूक लढवली व पराभूत झाला. मिलने या लढतीसाठी त्याला दहा पौंडांची वर्गणी दिली होती. त्याच निवडणुकीत मिलने वेस्टमिन्स्टरची स्वतःची जागा गमावली आणि ही वर्गणी त्याचे एक कारण मानली जाते. १८७७ मध्ये ॲनी बेझंटसह संततिनियमनावरील नोल्टनच्या पुस्तिकेचे पुनर्मुद्रण केल्याबद्दल खटला होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली; ती अपिलात तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. या खटल्यानंतर बेझंटबाईंना मुलीचा ताबा गमवावा लागला.



घटनाक्रम : एप्रिल १८८० च्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रॅडलॉ ३,८२७ मते मिळवून नॉर्दॅम्प्टनच्या दोन जागांपैकी एकीवर निवडून आला. ३ मे रोजी त्याने शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. प्रवर समितीने अध्यक्षाच्या निर्णायक मताने ती नाकारली. तेव्हा त्याने रीतसर शपथ घेण्याची तयारी दाखवली. मात्र शपथेतील ईश्वरविषयक शब्दांना आपल्या लेखी अर्थ नाही, तरी शपथेचे बंधन आपण पूर्ण पाळू, असे वृत्तपत्रांतून जाहीर केले. २१ मे रोजी तो शपथेसाठी पुढे आला असता हुजूर पक्षाच्या सर हेन्री ड्रमंड वुल्फने हरकत घेतली.

२२ जून रोजी कॉमन्स सभेने २७५ विरुद्ध २३० मतांनी ब्रॅडलॉला शपथ व प्रतिज्ञा दोन्ही नाकारली. दुसऱ्या दिवशी त्याने आपली बाजू मांडली व सभागृह सोडण्यास नकार दिला. तेव्हा २७४ विरुद्ध ७ मतांनी त्याला अटकेत ठेवण्याचा ठराव होऊन क्लॉक टॉवरमधील कोठडीत एक रात्र डांबण्यात आले. या कोठडीचा हा अखेरचा वापर असल्याचे सांगितले जाते. १ जुलै रोजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा ठराव ३०३ विरुद्ध २४९ मतांनी संमत झाला. कायद्याची जोखीम स्वतः पत्करून प्रतिज्ञा करण्याची मुभा त्यामुळे ब्रॅडलॉला मिळाली व तो काही महिने सभागृहात बसला.

१८६६ च्या संसदीय शपथ अधिनियमाप्रमाणे शपथेविना केलेल्या प्रत्येक मतदानाला ५०० पौंड दंड होता. त्याच्या वसुलीसाठी क्लार्क नावाच्या माणसाने दावा लावला. त्याचा खर्च न्यूडिगेट हा हुजूर सदस्य करीत होता. मार्च १८८१ मध्ये निकाल विरुद्ध जाऊन ब्रॅडलॉची जागा रिकामी झाली. त्यानंतरच्या तिन्ही पोटनिवडणुका नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी त्याच्याच पारड्यात टाकल्या : एप्रिल १८८१ (मताधिक्य १३२), मार्च १८८२ (मताधिक्य १०८) व फेब्रुवारी १८८४ (मताधिक्य ३६८). ३ ऑगस्ट १८८१ रोजी त्याने सभागृहात शिरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा संसदेच्या सेवकांनी व पोलिसांनी त्याला ओढत बाहेरच्या पटांगणात आणून सोडले. या झटापटीत त्याचा कोट फाटला. २१ फेब्रुवारी १८८२ रोजी त्याने खिशातून नवा करार काढून स्वतःच शपथ वाचली. दुसऱ्या दिवशी त्याची हकालपट्टी झाली.

सर्व सदस्यांना प्रतिज्ञेची मुभा देणारे सरकारी विधेयक ३ मे १८८३ रोजी २९२ विरुद्ध २८९ म्हणजे अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले. नव्या निवडणुकीनंतर १३ जानेवारी १८८६ रोजी सभापती आर्थर पील यांनी सदस्य व त्याची शपथ यांच्यामध्ये पडण्याचा अधिकार आपल्याला किंवा अन्य सदस्याला नाही, असा निर्णय दिला. ब्रॅडलॉने शपथ घेतली व जागा ग्रहण केली.

ख्रिस्ती मतप्रवाह : या प्रकरणात एका बाजूला सारे ख्रिस्ती व दुसऱ्या बाजूला नास्तिक अशी सरळ विभागणी नव्हती. कॅथलिक कार्डिनल मॅनिंग यांनी ईश्वर न मानणाऱ्याला कायदे करण्याचा अधिकार देण्यास लेखणीने कडवा विरोध केला. अँग्लिकन धर्मगुरूंपैकी बहुसंख्यही विरोधात होते. ईश्वराला स्मरून दिलेल्या वचनावरच राज्यनिष्ठेचा पाया उभा आहे, ही त्यांची भूमिका मनापासूनची होती. उलट अँग्लिकन चर्चबाहेरच्या नॉनकन्फॉर्मिस्ट पंथांतील अनेकांना स्वतःच्या पूर्वजांनी सोसलेल्या धार्मिक निर्बंधांची आठवण होती. नॉर्दॅम्प्टनमधील त्यांच्या मतांचा ब्रॅडलॉला आधार झाला. ग्लॅडस्टन स्वतः निष्ठावान अँग्लिकन होते. २६ एप्रिल १८८३ च्या भाषणात त्यांनी असा युक्तिवाद केला की, नावापुरता ईश्वर मानणाऱ्याला प्रवेश आणि प्रामाणिक अश्रद्धाला बंदी, या व्यवस्थेने धर्माचीच हानी होते. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल व त्यांच्या ‘फोर्थ पार्टी’ या गटाचा विरोध कितपत धार्मिक व कितपत ग्लॅडस्टन सरकारला अडचणीत आणण्यासाठी होता, याबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत.

न्यायनिर्णय : हे प्रकरण न्यायशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. (१) क्लार्क वि. ब्रॅडलॉ : दंडाचा दावा खासगी व्यक्तीला करता येत नाही, तो फक्त राजसत्तेचा अधिकार आहे, असा निर्णय १८८३ मध्ये उमरावांच्या सभेने दिला. (२) ब्रॅडलॉ वि. गॉसेट (१८८४) : सभागृहाच्या अंतर्गत कामकाजात न्यायालय हस्तक्षेप करू शकत नाही. संसदीय विशेषाधिकारांचा हा पायाभूत निर्णय मानला जातो. भारतात उत्तर प्रदेश विधानसभेच्या केशव सिंग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयापुढील १९६४ च्या संदर्भात त्याची चर्चा झाली. (३) ॲटर्नी जनरल वि. ब्रॅडलॉ (१८८५) : ईश्वरावर विश्वास नसलेल्याने उच्चारलेली शपथ कायद्याने शपथ ठरत नाही. (४) रेजिना वि. रॅम्झी व फूट (१८८३) : फ्रीथिंकर पत्राचा संपादक जी. डब्ल्यू. फूट याला मार्च १८८३ मध्ये धर्मनिंदेबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली होती. पुढच्या खटल्यात लॉर्ड कोलरिज यांनी, वादाची सभ्यता पाळली तर धर्माच्या मूलतत्त्वांवरही टीका करता येते, असा दंडक घालून दिला.

१८८८ चा अधिनियम : ब्रॅडलॉने खासगी सदस्य म्हणून मांडलेले शपथ विधेयक डिसेंबर १८८८ मध्ये कायदा झाले. त्यामुळे संसदेत व न्यायालयांत प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना मिळाला. मात्र प्रतिज्ञा करणाऱ्याने आपली धर्मश्रद्धा नाही किंवा शपथ आपल्या श्रद्धेविरुद्ध आहे, असे सांगण्याची अट राहिली. या तडजोडीवर काही इहवाद्यांनी टीका केली. ही अट पुढे विसाव्या शतकात संपली.

भारताशी संबंध : शपथेच्या बाबतीत ब्रिटिश भारताचा कायदा काही अंशी इंग्लंडच्या पुढे होता. गंगाजल किंवा कुराण हाती देऊन शपथ देण्याची न्यायालयीन पद्धत १८४० च्या पाचव्या अधिनियमाने बंद झाली. १८७३ च्या भारतीय शपथ अधिनियमाने हिंदू व मुसलमान साक्षीदारांप्रमाणेच शपथेस हरकत असणाऱ्या कोणालाही प्रतिज्ञेची सोय दिली. लंडनमधील निवडून आलेल्या सदस्याला जो हक्क पोलिसांच्या झटापटीत मिळाला नाही, तो साताऱ्याच्या साक्षीदाराला त्याच्या आठ वर्षे आधीपासून होता.

संसदेत भारताचे प्रश्न सातत्याने मांडल्यामुळे ब्रॅडलॉला ‘भारताचा सदस्य’ म्हटले जाई. गंभीर आजारातून उठल्यावर तो डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईला आला व सर विल्यम वेडरबर्न यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या राष्ट्रसभेच्या पाचव्या अधिवेशनास उपस्थित राहिला. या अधिवेशनाला १,८८९ प्रतिनिधी होते. श्रद्धाळू हिंदू, पारशी व मुसलमान प्रतिनिधींनी या नास्तिकाचे उत्स्फूर्त स्वागत केले. परत गेल्यावर त्याने भारतीय कायदेमंडळांच्या सुधारणेचे विधेयक १८९० मध्ये मांडले. लाहोर येथील ब्रॅडलॉ हॉल (१९००) त्याच्या स्मरणार्थ आहे.

कार्लाइलला ज्याच्या ग्रंथासाठी तुरुंगात जावे लागले, त्याच पेनच्या राइट्स ऑफ मॅन या पुस्तकाने पुण्यात जोतीराव फुले यांच्या विचारांना चालना दिली.

अखेर : २७ जानेवारी १८९१ रोजी कॉमन्स सभेने २२ जून १८८० चा ठराव आपल्या नोंदींतून काढून टाकला. मृत्युशय्येवर असलेल्या ब्रॅडलॉला हे कळू शकले नाही. ३० जानेवारी रोजी त्याचे निधन झाले. वोकिंगजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत झालेल्या अंत्यविधीला लंडनमधील अनेक भारतीय उपस्थित होते. त्यांत एकवीस वर्षांचे मोहनदास गांधी होते. आत्मकथेत त्यांनी याचा उल्लेख केला आहे. नॉर्दॅम्प्टनच्या ॲबिंग्टन चौकात ब्रॅडलॉचा पुतळा आहे (१८९४).

मूल्यमापन : ब्रॅडलॉने आपली अश्रद्धा लपवली असती तर मे १८८० मध्येच तो निमूटपणे शपथ घेऊन बसला असता. शपथेच्या अटीने अडवला तो त्याचा प्रामाणिकपणा. ही अट मोडून पडली त्याचे श्रेय त्याच्या चिकाटीइतकेच त्याला पुन्हा पुन्हा निवडून देणाऱ्या नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांना आहे आणि आपल्या धर्माला सक्तीच्या आधाराची गरज नाही, असे मानणाऱ्या ख्रिस्ती सदस्यांनाही आहे. इंग्लंड व वेल्समध्ये धर्मनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये रद्द झाला. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ व गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिले असून, त्यांपैकी कोणताही निवडताना सदस्याला कारण सांगावे लागत नाही.