दीड वाजण्याआधी

शुक्रवार, ५ जानेवारी २०२४. दुपारी दीडच्या सुमारास कोथरूडच्या सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळ याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच रात्री पुणे-सातारा रस्त्यावर, भोर तालुक्यातल्या किकवीपासून शिरवळपर्यंतच्या पट्ट्यात, आठ जण पोलिसांच्या हाती लागले. पुढचा घटनाक्रम पोलिसांनी वेळोवेळी दिलेल्या माहितीवरून जुळवला आहे. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत, त्यामुळे आरोपींची नावं घेतलेली नाहीत. इथे माग काढायचा आहे तो पिस्तुलाचा.

सतरा वर्षं आधी

ऑक्टोबर २००६. पुण्यात पौड फाट्यावर मुळशीतला गुंड संदीप मोहोळ याचा गोळ्या घालून खून झाला. मुळशीतल्या जमिनींना तोवर सोन्याचा भाव आला होता. कालपर्यंत भाताची खाचरं असलेल्या जागी प्लॉटिंगच्या खुणा पडत होत्या. सातबाऱ्यावरची नावं, कुळाचे हक्क, भावकीचे वाद आणि दलाली यांचा निकाल कोर्टात लागायला वर्षं जात. तो टोळ्या चार दिवसांत लावून देत. संदीपच्या पश्चात शरद मोहोळचं नाव मोठं झालं आणि एका खुनाचा हिशेब दुसऱ्या खुनाने चुकता करण्याची रीतच पडली. २०१८ साली आलेल्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने तालुक्याचं नाव असं घराघरांत नेलं की तिथल्या साध्या माणसाला आजही त्याचा जाच होतो.

चार वर्षं आधी

डिसेंबर २०१९. संसदेने १९५९च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती केली. एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. विनापरवाना पिस्तूल बाळगणाऱ्याला दोन ते पाच वर्षं. कागदावर कायदा कडक झाला खरा, पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. माणूस बिघडायला पाच वर्षं पुष्कळ झाली. आणि विनापरवाना शस्त्राचा खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी घ्यावी लागते, ती पायरीही कायम राहिली.

काही महिने आधी

जमीन आणि पैशांच्या जुन्या वादातून कट शिजला, असं पोलीस म्हणतात. पिस्तुलं मिळवली गेली. पुरवठ्याच्या आरोपावरून पुढे आणखी अटका झाल्या. मुळशीतल्या हाडशी परिसरात गोळीबाराचा सरावही झाल्याचं तपासात पुढे आलं.

या टप्प्यावर थांबायला हवं. पुण्यात पकडली जाणारी बरीच गावठी पिस्तुलं मध्य प्रदेशातून येतात. बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे त्यातलं कुप्रसिद्ध नाव. तिथल्या भट्टीत घडलेली वस्तू महाराष्ट्राची हद्द ओलांडते, एसटीत नाहीतर खासगी गाडीत पिशवीच्या तळाशी बसून पुण्यात उतरते. वाटेत ती तीन-चार तरी हातांतून जाते. त्यातला एक हात वेळीच धरला गेला, तर पुढचं काहीच घडत नाही. पण आपल्याकडे पिस्तूल पकडलं की ज्याच्या कमरेला सापडलं त्याच्यावर गुन्हा नोंदवायचा आणि फाइल मिटवायची, हीच पद्धत. ते दिलं कोणी, आणलं कोणी, घडवलं कोणी, हे विचारायला सवड नसते.

काही आठवडे आधी

मुख्य आरोपी मोहोळच्या माणसांत सामील झाला, सोबत वावरू लागला. त्याचं वय वीस. शस्त्र कायद्याप्रमाणे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणजे या मुलाला साधा अर्जसुद्धा करता आला नसता, आणि तरी त्याच्या हाती पिस्तूल होतं.

याच्या उलट चित्र भोर-वेल्ह्यात पाहा. वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणतात. तिथे एखाद्या शेतकऱ्याकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक असते, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. आंबेमोहोर नाहीतर इंद्रायणी निसवली की रानडुकरं खाचरात उतरतात आणि रात्रीत सगळं लोळवून जातात. हा माणूस नूतनीकरणासाठी मुकाट्याने भोरला आणि पुण्याला खेटे घालतो. निवडणूक आली की पोलीस पाटलाचा निरोप येतो. मग बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करायची, पावती डब्यात जपून ठेवायची. कायद्याची सगळी जरब याच्यावर, कारण हा सापडतो.

त्या दिवशी, दुपारपर्यंत

मोहोळच्या लग्नाचा वाढदिवस होता. घरी माणसांची ये-जा होती. आरोपी घरात जेवला होता, असंही तेव्हा सांगितलं गेलं. पिस्तूल तोवर सुतारदऱ्यात पोहोचलेलं होतं. आता ते थांबवणं कोणाच्याच हातात उरलं नव्हतं.

दुपारी दीड

मोहोळ साथीदारांसह घरातून निघून गल्लीतून चालला होता. बरोबर चालणाऱ्यांनीच अगदी जवळून चार गोळ्या झाडल्या. तीन लागल्या. हे सगळं सीसीटीव्हीत टिपलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत गावोगावच्या मोबाइलवर फिरू लागलं. मोहोळ रुग्णालयात दगावला. तो कोणी संत नव्हता, त्याच्यावर गंभीर गुन्हे होते. पण त्या चिंचोळ्या गल्लीत शाळेतून परतणारं पोरही असू शकलं असतं.

दीड ते रात्र

आता यंत्रणा जागी झाली, आणि काय वेगाने! गुन्हे शाखेची नऊ पथकं सुटली. साताऱ्याच्या दिशेने शोध सुरू झाला. खेड शिवापूरचा टोलनाका, वेल्ह्याकडे वळणारा चेलाडी फाटा, भोरला जाणारं कापूरहोळ, मग किकवी, सारोळा आणि नीरा ओलांडली की शिरवळ. हा सगळा रोजच्या राबत्याचा रस्ता. साधारण आठ तासांत आठ जण ताब्यात आले. त्यांत दोन वकीलही होते. तीन पिस्तुलं, तीन मॅगझिन आणि पाच काडतुसं मिळाली. पुढे मोक्का लागला. पोलिसांचं कौतुक झालं, ते रास्तच होतं.

पण हिशेब मांडा. गोळी सुटल्यावर आठ तासांत नऊ पथकं. गोळी सुटण्याआधीच्या कित्येक महिन्यांत त्या पिस्तुलांच्या मागावर कोण होतं?

नंतरचे दिवस

२ फेब्रुवारी २०२४ : उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात आमदार गणपत गायकवाड यांनी राजकीय प्रतिस्पर्धी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. ८ फेब्रुवारी : मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह सुरू असताना खून, तोही मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या पिस्तुलाने. १ सप्टेंबर : पुण्यात नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा खून. १२ ऑक्टोबर : वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांचा खून. कुठे परवान्याचं शस्त्र, कुठे बिनपरवान्याचं. दोन्ही दारं उघडी आहेत.

पुढचा दीड वाजण्याआधी

शस्त्रं हा विषय केंद्राच्या सूचीत येतो, राज्य काय करणार, असं म्हणून हात वर करता येतात. पण राज्याच्या हातात काही नाही, हे खरं नाही. परवाना देणारे जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त राज्याचेच. परवाना रद्द करायचा अधिकारही त्यांचाच. २०२५ मध्ये आयुक्तालयाने नाकारलेला परवाना गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केल्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला! तेव्हा राज्याने पाच गोष्टी कराव्यात. प्रत्येक परवान्याची दरवर्षी छाननी, पत्ता आणि गुन्हे प्रत्यक्ष तपासून. पोलिसांचं मत डावलून परवाना द्यायचा झाल्यास लेखी आणि जाहीर कारणं. खटल्याच्या पूर्वमंजुरीला दिवसांची मर्यादा. पकडलेल्या प्रत्येक पिस्तुलाचा भट्टीपर्यंत माग, आणि त्यासाठी मध्य प्रदेशाशी कायमचं संयुक्त पथक. २०२५च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी उमर्टीत जाऊन भट्ट्या मोडल्या, म्हणजे हे जमतं. फक्त ते एका मोहिमेपुरतं राहू नये. आणि शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळी, सोपी वाट, म्हणजे यंत्रणेचा वेळ योग्य ठिकाणी लागेल.

भोर-वेल्ह्यासाठी हे निकडीचं आहे. रिंगरोड भोर तालुक्यात उतरतो आहे, महामार्गालगतच्या जमिनींवर डोळे लागले आहेत, भावकीत मोजण्यांचे अर्ज पडताहेत. मुळशीत वीस वर्षांपूर्वी हेच चाललं होतं. जमिनीचे भाव सरकारला रोखता येणार नाहीत. पिस्तुलं रोखता येतील. नऊ पथकं आहेतच. ती गोळी सुटण्याआधी कामाला लावायची की नंतर, एवढंच ठरवायचं आहे.