हसू कुणावर?

मंडळी, ज्यांनी यात्रेत उघड्या माळावर बसून तमाशा पाहिलाय, त्यांना अथेन्सचं प्राचीन नाट्यगृह समजावून सांगायला आम्हाला फार वेळ लागायचा नाही. टेकडीचा उतार, वर मोकळं आभाळ, आणि निमित्त डायोनिसस या देवाच्या उत्सवाचं. नाटकांची चक्क स्पर्धा लागे. नट मुखवटे घालत, बायकांची कामंही पुरुषच करीत. शोकांतिकेचे तीन कवी. प्रत्येकाची तीन नाटकं आणि शेवटी एक चावट सॅटर-नाटक. सोबत गाणारा, नाचणारा कोरस. सुखात्मिकेत तर त्यात 24 जण असत.

गाणाऱ्यांनी गोष्ट पुढं न्यायची, ही रीत आपल्याला परकी नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सूत्रधार साथीदारांसह पदं गाई आणि पात्रं अभिनय करीत. भाव्यांना वाट दाखवली ती कर्नाटकातल्या खेळांनी, ग्रीकांनी नव्हे. तरी साम्य आहेच.

पण आज आम्हाला बोलायचंय ते हसण्याबद्दल. इ.स.पू. 424 मध्ये ॲरिस्टोफेनीसने ‘नाइट्स’ या नाटकात सत्ताधारी पुढारी क्लिऑन याची भर प्रेक्षकांत खिल्ली उडवली. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. आणि थोड्याच दिवसांत त्याच अथेन्सकरांनी क्लिऑनला सेनापती निवडलं! म्हणजे हसले पोटभर, पण त्याचं वाकडं काही झालं नाही.

पुढच्याच वर्षी ‘क्लाउड्स’ आलं. त्यात टोपलीत लोंबकळणारा, पोरांना खोटं खरं करायला शिकवणारा सॉक्रेटिस होता. हे नाटक स्पर्धेत शेवटचं आलं. पण 24 वर्षांनी, इ.स.पू. 399 मध्ये, सॉक्रेटिसवर खटला भरला. प्लेटोने दिलेल्या भाषणात तो न्यायाधीशांना म्हणतो की आपले जुने आरोपकर्ते अधिक भयंकर. तुम्ही लहान होतात तेव्हापासून ते तुमच्या कानात भरवत आलेत. त्यात तो या नाटकाचाही उल्लेख करतो. त्याला विष प्यावं लागलं.

एका नाटकानं त्याचा जीव घेतला, असं आम्ही म्हणणार नाही. हरलेलं युद्ध होतं, राजकारण होतं. पण बघा, बलवानावरची थट्टा वाऱ्यावर गेली, आणि ज्याच्या हाती ना पैसा ना पद, त्याला ती चिकटून बसली.

आपल्या वगातला सोंगाड्या राजाला, प्रधानाला, कोतवालाला टोमणे मारतो. त्याचा नेम वरच्या दिशेला असतो, बरं का. तेव्हा पुढच्या खेपेला हसू आलं की हसा जरूर; फक्त तो नेम कुणावर धरलाय, तेवढं पाहून घ्या.