काडतुसाची निवड : १९३२ मधील एका निर्णयाचा विचार



मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी काडतुसाचा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु १८५७ चा इतिहास शिकलेल्यांना हे सांगणे नको, की बोटाएवढी वस्तूही राज्यांच्या भवितव्यात शिरू शकते. आजचे काडतूस मात्र अमेरिकेतले आहे, आणि त्याविषयीचा वाद धर्माचा नव्हता, मापाचा होता.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याला अर्धस्वयंचलित रायफल हवी होती. अशा रायफलीत प्रत्येक गोळीसाठी चाप ओढावा लागतो. परंतु रिकामे काडतूस फेकून नवे भरण्याचे काम रायफल स्वतःच करते. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात जॉन गॅरंड आणि जॉन पेडरसन या कामी लागले. सैन्यात १९०६ पासून रूढ असलेले .३० इंची काडतूस फार जोरकस होते. त्याचा दाब पेलायचा तर रायफल जड होणार. म्हणून पेडरसनने .२७६ इंची, म्हणजे सुमारे सात मिलिमीटरचे, धाकटे काडतूस सिद्ध केले. गॅरंडनेही त्या मापाची रायफल घडविली. तिच्यात एका वेळी दहा काडतुसे मावत.

सैन्याने या मापाची परीक्षा कसून घेतली. १९२८ मध्ये भूल दिलेल्या डुकरांवर निरनिराळ्या व्यासांच्या गोळ्या झाडून जखमा तपासण्यात आल्या. आज हे वाचताना मन कचरते. परंतु निष्कर्ष स्पष्ट होता : लढाईच्या नेहमीच्या अंतरावर लहान गोळी मोठीपेक्षा उणी पडत नव्हती. जानेवारी १९३२ मध्ये परीक्षक मंडळाने .२७६ ची शिफारस केली. फेब्रुवारीत सेनाप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी ती अमान्य केली.

हा हट्टी सेनानीचा लहरीपणा होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. महामंदीने खजिना रिता झाला होता. महायुद्धातून उरलेल्या .३० च्या काडतुसांचे ढीग कोठारांत पडून होते. सैन्याच्या मशिनगनही तेच काडतूस खात. रायफलीला एक आणि मशिनगनला दुसरे, असे झाले असते तर ऐन धुमश्चक्रीत चुकीची पेटी चुकीच्या खंदकात पोचण्याचे भय होते. परीक्षक मंडळाने गोळीचे गुण पाहिले. सेनाप्रमुखाने कोठार पाहिले. दोघांनीही आपापले काम चोख बजावले, असेच माझे मत आहे.

गॅरंडची रायफल अखेर .३० मापातच १९३६ मध्ये स्वीकृत झाली. दहाऐवजी आठ काडतुसे, आणि वजन सव्वाचार किलोंहून अधिक. तरीही दुसऱ्या महायुद्धात सर्वसाधारण पायदळ सैनिकाच्या हाती अर्धस्वयंचलित रायफल देणारे सैन्य मुख्यतः अमेरिकेचेच ठरले. काडतूस बदलण्याच्या खटाटोपात काही वर्षे गेली असती, तर हे कितपत साधले असते, याची शंका वाटते.

मात्र नाकारलेली गरज नाहीशी होत नाही. तोफखान्याचे गोलंदाज, वाहनचालक, संदेशवाहक यांना ती जड रायफल वागविणे अवघड होते, आणि पिस्तुलाने नेम साधणे त्याहून अवघड. १९४० मध्ये हलक्या कार्बाइनची मागणी निघाली आणि १९४१ मध्ये विंचेस्टर कंपनीची रचना स्वीकारली गेली. तिच्यासाठी नवे काडतूसच बनवावे लागले. त्याचा व्यास .३० इंचच होता. पण वजन जुन्या काडतुसाच्या सुमारे निम्मे आणि जोर सुमारे एक तृतीयांश. व्यास एकच असूनही एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नसे. म्हणजे १९३२ मध्ये टाळलेले दुसरे काडतूस नऊ वर्षांनी मागल्या दाराने कोठारात आलेच. या कार्बाइन साठ लाखांहून अधिक बनल्या. तिचा हलकेपणा सैनिकांना आवडला. तिच्या गोळीचा जोर अपुरा पडतो, ही तक्रार कोरियाच्या युद्धात वारंवार ऐकू आली. एका काडतुसात फार होते, दुसऱ्यात थोडे. मधले माप परीक्षेत उत्तीर्ण होऊनही दप्तरात बंद होते.

पुढे हा प्रश्न सर्वांनाच भेटला. रशियाने सिमोनोव्हच्या अर्धस्वयंचलित कार्बाइनसाठी मधल्या जोराचे ७.६२ × ३९ मिलिमीटरचे काडतूस घेतले. ब्रिटनने १९५१ मध्ये .२८० चे काडतूस पुढे केले, पण मित्रराष्ट्रांच्या एकवाक्यतेसाठी मागे घेतले. आपल्या सैन्यानेही ईशापूरच्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीनंतर १९९० च्या दशकात ५.५६ मिलिमीटरची इन्सास घेतली. अमेरिकेने २०२२ मध्ये पुन्हा नवे, ६.८ मिलिमीटरचे, काडतूस निवडले. अंतिम उत्तर कोणालाच सापडलेले नाही.

मित्रहो, प्रत्येक संस्थेला वारशाने काही कोठारे मिळतात : इमारती, नियम, पाठ्यक्रम, सवयी. ती एका दिवसात टाकून देता येत नाहीत, आणि टाकूही नयेत. परंतु कोठाराकडे पाहून निर्णय घेणाऱ्याने एक पथ्य पाळावे. नाकारलेला पर्याय कोणता, तो का नाकारला आणि त्याची किंमत पुढे कोण मोजणार, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवावे. १९३२ च्या निर्णयाची किंमत जड रायफल खांद्यावर वाहणाऱ्या अनाम शिपायांनी मोजली. त्या नोंदी राहिल्या म्हणूनच आज आपण त्या निर्णयाचा न्यायबुद्धीने विचार करू शकतो. इतिहासाकडून याहून अधिक मागू नये. आणि याहून कमीही स्वीकारू नये.