सायकलींच्या शहराचा इतिहास कुणी लिहिला आणि त्यातून कोण गाळले गेले?

'पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते' हे वाक्य ऐकले नाही असा माणूस पुण्यात सापडणे कठीण. वर्षातून दोन-तीनदा तरी कुठल्या ना कुठल्या पुरवणीत यावर हळवा लेख येतो. त्या लेखात फर्ग्युसनचे प्राध्यापक असतात, डेक्कनवर घोळक्याने सायकली हाणणारी कॉलेजची मुले असतात, लक्ष्मी रोड असतो, पेठांतले वाडे असतात. पोलिसाने डबलसीट पकडल्याची गंमत असते, रात्री दिवा नसल्याचा दंड असतो, नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला असतो. आम्ही हे लेख वर्षानुवर्षे वाचत आलो. त्यात बोपोडी, दापोडी, ताडीवाला रोड, कासेवाडी, येरवडा आम्हाला कधी दिसले नाही.

सकाळच्या पाळीला खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे, देहूरोडच्या डेपोकडे सायकलींची जी रांग लागत असे, तिच्यात कोण होते? १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुढे साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहिले. तिथे पाळीचा भोंगा व्हायच्या आत पोहोचणारा कामगार कोणत्या वाहनाने येत होता? दुष्काळात गाव सोडून आलेला, वस्तीत दहा बाय दहाची खोली घेतलेला आपला बाप-आजा हँडलला डबा अडकवून हा रस्ता तुडवत होता. आकुर्डीला ज्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, ती बनवणाऱ्या हातांपैकी कित्येक हात सायकलचे हँडल धरूनच कारखान्याच्या गेटावर येत. या शहराला सायकलींचे शहर करणाऱ्यांत ही माणसे होती. पण आठवणी लिहिण्याची सवड आणि छापणारे ओळखीचे संपादक पेठांकडे होते, म्हणून सायकलही पेठांची झाली.

आता कुणी म्हणेल, सायकलमध्येही जात शोधता काय? होय, शोधतो. प्रवासात जात नसती तर बाबासाहेबांना 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधले पहिलेच प्रकरण लिहावे लागले नसते. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ती लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. ती महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर प्रवास झाला. पुढे १९२९ मध्ये ते बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना घेऊन जायला नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्या लोकांनी आपल्यातलाच एक जण हाकायला बसवला, ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या माणसालाही स्टेशनपासून वस्तीपर्यंतचे अंतर जातीनेच मोजावे लागले.

या दोन प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. वाहन मिळते, ते चालवणारा मिळत नाही. सायकल या देशात आली तेव्हा आपल्या माणसासाठी नेमकी हीच गाठ सुटली. तिला गाडीवान लागत नाही, बैल लागत नाही, कुणाची मेहेरबानी लागत नाही. ज्याची सायकल तोच तिचा सारथी. म्हणून तर गावच्या सवर्णांना ती इतकी खुपली. तामिळनाडूतल्या गावांमधून नोंदी आहेत की सवर्णांच्या गल्लीतून दलिताने सायकलवर बसून जायचे नाही, उतरून हातात धरून चालत न्यायची. सायकलवर बसलेला माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा हातभर उंच दिसतो, आणि जातीची व्यवस्था ही उंचीचीच व्यवस्था आहे. घोड्यावर बसलेला आपला नवरदेव आजही ज्यांना सहन होत नाही, त्यांच्या आज्यांना सायकल सहन होत नव्हती.

आणि याच पुण्याचा एक सायकलस्वार आहे, ज्याचे नाव सायकलींच्या शहराच्या हळव्या लेखांत आम्ही आजवर वाचलेले नाही. मान्यवर कांशीराम. पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारा हा पंजाबी तरुण बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्टीसाठी लढणाऱ्या दीनाभानांच्या बाजूने उभा राहिला, डी. के. खापर्डे यांच्यासारखे सहकारी त्याला इथेच भेटले, बाबासाहेब त्याने इथेच वाचले. पुढे नोकरी सोडली, १९७८ ला बामसेफ, १९८१ ला डीएस-फोर. आणि १५ मार्च १९८३ रोजी दिल्लीहून शंभर सायकलस्वार निघाले. चाळीस दिवस, सात राज्ये. गाड्यांचे ताफे नव्हते, हेलिकॉप्टर नव्हते, धन्नाशेठांची देणगी नव्हती. ज्या समाजाकडे दोन पाय आणि फार तर दोन चाके आहेत, त्याने तेवढ्यावरच राजकारण उभे करायचे, हे त्यांचे गणित होते. पुढच्याच वर्षी बहुजन समाज पक्ष स्थापन झाला. (सायकल हे निवडणूक चिन्ह नंतर दुसऱ्याच पक्षाकडे गेले, तो भाग वेगळा.) स्वतंत्र भारतात सायकलचा राजकीय वापर कुणी केला असे विचारले तर आमचे पहिले उत्तर हे आहे.

त्याच ऐंशीच्या दशकात पुण्यात दुसरी सायकल चळवळ सुरू झाली. स्कूटर आणि मोपेडची संख्या वाढत होती, रस्ते रुंद होत होते, सायकलवाला कडेला ढकलला जात होता. 'परिसर' सारख्या संस्थेने सायकल आणि पादचारी यांच्या बाजूने तेव्हापासून बोलायला सुरुवात केली आणि चाळीस वर्षे ते लावून धरले. हे श्रेय आम्ही नाकारत नाही. उड्डाणपूल बांधून वाहतूक सुटत नाही, हे नगरसेवकांना आणि ठेकेदारांना नको असलेले सत्य या मंडळींनी आकडेवारीनिशी मांडले. २००६ साली केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात 'वाहने नव्हे, माणसे हलवा' हे तत्त्व आले, त्यामागे देशभरातल्या अशा प्रयत्नांचा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा प्रयोग सुरू झाला आणि त्याच्याबरोबर सायकल मार्ग आले.

ते मार्ग आम्ही वापरले आहेत म्हणून सांगतो. दर शंभर पावलांवर खांब, मध्येच डीपीचा डबा, मध्येच कचराकुंडी, चौक आला की मार्ग अदृश्य. उरलेल्या जागेत चारचाकी उभ्या. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो चांगला आराखडा होता, शहरभर जाळे विणण्याची कल्पना होती. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलींची योजना आली. विद्यापीठात आणि औंधात रंगीत सायकली उभ्या राहिल्या. मोबाईलवर ॲप घ्या, कोड स्कॅन करा, पैसे आपोआप कापले जातील. दोनेक वर्षांत कंपन्या गुंडाळून गेल्या आणि मोडक्या सायकली नाल्याकाठी पडल्या. सुरुवात विद्यापीठ आणि औंधापासून होते आणि जनता वसाहतीपासून होत नाही, यावर त्या वेळी कुणी प्रश्न विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

अशाच एका सायकलप्रेमींच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हेल्मेट, पाण्याच्या खास बाटल्या, लाखाच्या घरातल्या सायकली. सिंहगडाची चढण कुणी किती मिनिटांत मारली याची चर्चा चालली होती. आम्ही विचारले, पहाटे साडेपाचला झाडू कॅरियरला बांधून हजेरी कोठीकडे जाणाऱ्या सफाई कामगाराला आपण सभासद करणार का? क्षणभर शांतता. मग एक गृहस्थ अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "पण ते सायक्लिस्ट नाहीत ना, त्यांच्याकडे दुसरा पर्यायच नाही." त्यांचा हेतू वाईट नव्हता, एवढे नमूद करतो. पण सगळा लेख या एका वाक्यासाठी लिहिला आहे. ज्याच्याकडे पर्याय आहे तो सायक्लिस्ट. ज्याच्याकडे नाही तो नुसता सायकलवरचा माणूस.

२०११ ची जनगणना काय सांगते? शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्या भारतीयांत सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते. मोटारसायकल-स्कूटरने जाणारे जवळपास तितकेच होते. देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि चारचाकी होती ४.७ टक्के घरांत. म्हणजे सायकलचा 'प्रसार' करायची गरज नाही, ती आधीच पसरलेली आहे. गरज आहे ती जे चालवत आहेत त्यांना जिवंत घरी पोहोचवण्याची.

इथे अमेरिकेचे एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण आपल्याकडची सायकल चळवळ पाश्चात्य शहरांचे दाखले फार देते. १८८० मध्ये तिथे 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' स्थापन झाली. मोटार येण्याच्या आधी चांगल्या रस्त्यांची मागणी तिथे सायकलस्वारांनीच लावून धरली. या 'गुड रोड्स' चळवळीत लीग पुढे होती आणि शतक संपता संपता तिचे लाखभर सभासद झाले. याच लीगने १८९४ मध्ये लुईव्हिल शहरातल्या अधिवेशनात सभासदत्व फक्त गोऱ्यांना, असा नियम मतदानाने करून घेतला. बोस्टनची किटी नॉक्स ही शिवणकाम करणारी कृष्णवर्णीय तरुणी त्याआधीच सभासद झाली होती. १८९५ च्या मेळाव्याला ती आपले ओळखपत्र घेऊन हजर झाली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजली. मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू १८९९ मध्ये जगज्जेता झाला, पण नियम तसाच राहिला. लीगने त्याबद्दल औपचारिक माघार घेतली १९९९ मध्ये! रस्ते सर्वांसाठी मागितले आणि संघटना मात्र काहींचीच ठेवली. पुण्यात असा लेखी नियम कुणी केलेला नाही. आपल्याकडे नियम लिहावा लागत नाही. बैठक कुठल्या भागात, कुठल्या वेळी आणि कुठल्या भाषेत घ्यायची एवढे ठरवले की पुरते.

मित्रहो, आपल्या बाजूचीही एक गोष्ट बोलली पाहिजे. वस्तीतला पोरगा हप्त्यावर मोटारसायकल घेतो, टाकीवर निळ्या अक्षरात 'जय भीम' लिहून घेतो, तेव्हा त्याला सायकलचे गुणगान ऐकवणारा माणूस शत्रूच वाटणार. 'आमच्या बापाने नाइलाजाने सायकल मारली, आता आम्हीही मारायची काय?' हा प्रश्न आम्हाला चौदा एप्रिलच्या तयारीच्या बैठकीत विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे. 'साधी राहणी' म्हणून सायकल चालवा हा उपदेश आम्ही करणार नाही. तो गांधीवाद झाला. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना स्पष्ट सांगितले आहे की यंत्राला दोष देऊ नका, यंत्रामुळेच कष्टकऱ्याला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष आहे तो यंत्राची मालकी मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा. सायकल हे यंत्रच आहे, आणि ते पूर्णपणे चालवणाऱ्याच्या मालकीचे आहे. त्यावर हप्ता नाही, पेट्रोल नाही. घ्यायची असेल त्याने खुशाल मोटारसायकल घ्यावी. पण त्याची आई, त्याची बहीण कामावर कशी जाते, हा प्रश्न उरतोच.

तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेने हाच प्रश्न हातात घेतला. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा साक्षरतेचाच भाग केला. खडी फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या बाया सायकल शिकल्या. दीड वर्षात हा आकडा लाखावर गेला. बायकांच्या सायकली पुरल्या नाहीत तर त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, त्यासाठी कर्जेही मिळवून दिली गेली. पी. साईनाथ यांनी यावर लिहिले आहे, कार्यकर्त्यांनी ते जरूर वाचावे. टवाळी झाली, पण बसची वाट बघण्यात आणि नवऱ्याच्या मर्जीत जाणारे तास त्या बायांच्या हातात परत आले.

तेव्हा पुण्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी सायकल मार्गाच्या मागणीत उतरावे असे आमचे म्हणणे आहे, पण आपल्या अटींवर. मार्ग टेकड्यांच्या पायथ्याशी रविवारच्या रपेटीसाठी नकोत. दांडेकर पुलाकडून, येरवड्यातून, ताडीवाला रोडवरून कामाच्या ठिकाणी जाणारे हवेत. पुनर्वसनाच्या नावाखाली ज्यांना शहराच्या टोकाला सातव्या मजल्यावर टाकले, त्यांना सायकल ठेवायला खाली जागा हवी. नाहीतर रात्री सायकल चोरीला जाते आणि सकाळी शेअर रिक्षाला पैसे मोजावे लागतात. आणि सायकल मार्गासाठी जागा करायची म्हणून भाजीवाल्या मावशीची हातगाडी उचलली जात असेल तर त्या मार्गाला आपला विरोध असला पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे ठेवले आहेत. रस्त्याचा आराखडा त्या समितीसमोर आल्याशिवाय खोदकाम सुरू होऊ देऊ नये. जागा काढायचीच असेल तर फुकट उभ्या असलेल्या मोटारींची काढा.

पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते, २००६-०७ पासून ही पद्धत आहे. सोसायट्यांचे लोक नेमाने अर्ज भरतात, बाक आणि पेव्हर ब्लॉक मागतात. वस्त्यांमधून गेलेले अर्ज मोजकेच असतात. या वेळचे अर्ज सुटतील तेव्हा प्रत्येक विहारात एक रविवार त्यासाठी ठेवू. वंदना झाल्यावर जे सायकलवर आलेत त्यांना आधी बोलते करू: कुठून निघता, कुठे जाता, कुठला चौक भीतीचा वाटतो. ते लिहून घेऊ आणि त्यांच्याच सहीने देऊ.