नऊवारीवर चोळी की पोलकं?

डिसेंबर लागला की शिवणकाम करणाऱ्या बचत गटांकडे शाळांची मागणी येते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. मुलींना नऊवारी नेसवायची आणि वरती? बहुतेक वेळा बाजारातला फुग्याच्या बाह्यांचा, लेस लावलेला ब्लाऊज. नऊवारी जुनी आणि ब्लाऊज कालचा! म्हणून आज चोळीचा इतिहास बघू.

लुगडं न शिवलेलं वस्त्र. काळ बदलला तसं बदललं ते मुख्यतः वरचं, शिवलेलं. त्यामुळे शिवायच्या आधी विचारायचं, साल कोणतं?

सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यातल्या शाळेत शिकवायला सुरुवात केली ती १८४८ साली. त्या काळची चोळी म्हणजे पाठ झाकलेली, पुढे दोन टोकांची गाठ मारायची, बाही आखूड. बटण नाही, हूक नाही. हातशिलाईची. कापड बहुधा खणाचं. एका चोळीपुरता तुकडा तो खण. म्हणून तर आपण खणानारळानं ओटी भरतो. कर्नाटकातलं गुळेदगुड्ड हे गाव आजही या खणांसाठी ओळखलं जातं.

पुढे मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या घरांत पोलकं आलं. त्याला जाकीटही म्हणत. लांब बाह्या, बंद गळा, पुढे बटणं. पारशी आणि इंग्रज बायकांचे कपडे समोर दिसत होते, शिवणाचं यंत्रही आलं होतं. पण खरं कारण वेगळं. बाई उंबऱ्याबाहेर पडू लागली होती. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. रमाबाई रानडे सभेत बोलू लागल्या. चार लोकांत उभं राहायचं तर अंगभर कपडा हवा. त्यावर 'मडमिणीचा थाट' म्हणून हसणारेही होतेच.

अंग झाकणं हा सगळ्यांना मिळालेला हक्कही नव्हता. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार बायकांना वरचं अंग झाकण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. १८५९ साली राजाच्या हुकमानं ती मुभा मिळाली. तेव्हा चोळी म्हणजे नुसती हौस समजू नका.

आता कामाचं. सावित्रीबाईंसाठी गाठीची खणाची चोळी शिवा, बाहीला खणाचाच काठ येऊ द्या. लहान मुलीची गाठ सुटते, म्हणून आतून टिचबटण लावा, वरून दिसणार नाही. आनंदीबाई किंवा रमाबाईंसाठी लांब बाहीचं, बंद गळ्याचं साधं सुती पोलकं. चेन, फुगे, चमकी दोन्हींत नको. कष्टकरी बाई दाखवायची असेल तर भरजरी काही नको. साधी सुती चोळीच शोभते.

गावात अजून गाठीची चोळी घालणारी एखादी आजी असेल. तिच्याकडून माप आणि बेत नीट समजून घ्या, कागदावर कापून ठेवा. तो कागद गटाच्या पेटीत राहू द्या. शाळेला दर सांगताना चोळी कोणत्या सालची, हेही सांगा. तयार ब्लाऊज कुणीही विकेल. सालाप्रमाणे चोळी शिवून देणारा गट मात्र शाळा पुढच्या वर्षीही शोधत येईल.